सहा बक्कलं

चिमटा सैनिकाच्या कमरेखाली सरकवून कवळीवाल्यानं एक हलका हिसका दिला आणि तो बोटाएवढा माणूस जमिनीसकट उपटून आला. बुटांखाली डिंकाचा पिवळा लोळा लोंबत होता. त्यानं तो मेजरसाहेबांच्या नाकासमोर धरला.

“हे बघा. रक्त म्हणून चक्क नेलपॉलिश लावलंय.”

मेजरसाहेबांनी कप बशीत ठेवला आणि चष्मा सावरून पाहिलं. त्यांना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पलटणीच्या संग्रहालयाचा कारभार आता ते पाहत. टेबलावरचा हा देखावाही तिथलाच, तीस वर्षं काचेत बसलेला. डोंगरमाथ्यावरचं ठाणं, ते जिंकून उभे राहिलेले आपले जवान आणि त्यांच्या पुढ्यात पडलेले शत्रूचे सहा मेलेले.

“इतकं वाईट आहे?”

“बर्फ म्हणून कापूस चिकटवलाय. बूट परेडचे. आणि हा मेलेला बघा, हसतोय. पोटात गोळी घेऊन हसतोय शहाणा.”

कवळीवाला खरोखरच कवळ्या करायचा. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे, तो मेणात एकेक दात बसवून द्यायचा. हा झाला धंदा. त्याच मेणात, त्याच हत्यारांनी सैनिक घडवायचे, हा नाद. नाद कसला, खूळच. एका प्रदर्शनात कोटाच्या एका बटणावरून तो दोन तास भांडला होता, आणि समोरचा माणूस निघून गेल्यावरही थांबला नव्हता. चुकीचा पट्टा घातलेला सैनिक दिसला की त्याला शिसारी यायची, जेवताना घासात केस लागावा तशी.

“म्हणून तर तुमच्याकडे आलो,” मेजरसाहेब म्हणाले. “लढाईला पन्नास वर्षं होतायत. नवा देखावा हवा. एक-एक बटण खरं पाहिजे.”

त्यांनी एक मोठं पाकीट पुढे सरकवलं. “मूळ निगेटिव्हवरून फोटो मोठा करून घेतलाय. डावीकडून तिसरे तुमचे वडील. आणि उद्घाटनाचा पडदा तुमच्या आईंनी ओढायचा, असं ठरलंय. त्या तुकडीतल्या कुणाची बायको आता हयात नाही. त्या एकट्याच.”

कवळीवाल्यानं चिमटा उगाचच फडक्यानं पुसला.

फोटो त्याला पाठ होता. बाहेरच्या खोलीत तो जन्मभर टांगलेला. बाबा कमरेवर हात ठेवून हसतायत, मागे ठाण्याची पडकी भिंत. फक्त घरातला फोटो गुडघ्यांपाशी कापलेला होता, आणि तोही वाकडा. डावीकडे गुडघ्याखाली, उजवीकडे गुडघ्याच्या वर. फ्रेमवाल्यानं हात साफ करून घेतला असणार. त्या न पाहिलेल्या फ्रेमवाल्याला कवळीवाला लहानपणापासून मनातल्या मनात शिव्या घालत आला होता. आता पाकिटातून अख्खा फोटो निघाला, बुटांपर्यंत आणि बुटांच्याही पुढे, ते सहा जण पडले होते तिथपर्यंत.

त्यानं बाबांपासून सुरुवात केली. त्यांचं हसू जमायला चार दिवस लागले. दातांचं काम त्याच्या हातातलं, पण आपल्या बापाचे दात तांदळाच्या कणाएवढ्या तोंडात बसवायचे म्हणजे खायचं काम नव्हतं. जमले तेव्हा त्यानं बायकोला हाक मारून भिंग दिलं.

“अगदी मामंजी,” ती म्हणाली. “आता मला म्हणतील, चहा आण.”

मग शत्रूकडे वळला. शत्रूच्या बाबतीत तर त्याच्याकडे हुकमाचं पान होतं. बाबांनी त्या लढाईतून शत्रूच्या सैनिकाचा पट्टा आणला होता. चामडं आता तडकलेलं, पण पितळी बक्कल शाबूत. त्यावर दोन शिखरं आणि मध्ये तारा. समोरासमोर लढला, शूर होता, म्हणून आठवण ठेवली, असं बाबा सांगायचे आणि दर रविवारी बक्कल घासून लखलखीत करायचे. शाळेत वेषभूषेच्या स्पर्धेला कवळीवाला तोच पट्टा दोन वेढे देऊन सैनिक झाला होता. त्याहून लहान असताना तर ते बक्कल चोखायचा म्हणे. पितळेची आंबूस चव अजून त्याच्या जिभेला आठवत होती. आई मात्र त्या पट्ट्याला कधी हात लावायची नाही. वाटेत पडला असला तर केरसुणीनं बाजूला सारायची. आणि त्यानं हाताळला की एकच वाक्य, “हात धुऊन ये.” आईला चामड्याचा वास सोसत नसावा, असं तो समजून चालला होता.

बाबा गेल्यावर पट्टा त्याच्या कामाच्या टेबलावर आला. त्याच्यावरून त्यानं आता सहा बक्कलं ओतली. भिंगाखाली धरलं की शिखरं दिसायची, तारासुद्धा. सहाही बशीत मांडून तो दोन दिवस मिजाशीत फिरला. अस्सल बक्कल समोर ठेवून काम करणारा दुसरा माणूस कुठे असेल तर दाखवा.

अडलं चौथ्या मेलेल्यापाशी. फोटोत त्याची उजवी मूठ पोटापाशी आवळलेली होती. जखम छातीत, मग हात पोटाशी कसा? बंदुकीचा पट्टा धरलाय म्हणावं, तर बंदूक नव्हती. मेणात तो हात तीनदा केला, तिन्ही वेळा खोटा दिसला.

असं अडलं की त्याची एक रीत होती. ज्याचा पुतळा करायचा त्याच्यासारखं आपण व्हायचं आणि आरशात बघायचं. रविवारी सकाळी कपाटाचा आरसा तिरका करून तो फरशीवर आडवा झाला. कमरेचं बक्कल पोटात रुतायला लागलं, म्हणून आपला पट्टा काढून खुर्चीवर टाकला. बायको केरसुणी घेऊन दारात आली.

“मेलात का अजून वेळ आहे? मला केर काढायचाय.”

“दोन मिनिटं थांब.”

“मेल्यावर तरी पाय आखडून घ्या.”

तो उठायला लागला. साखरेच्या दुखण्यानं वर्षभरात तो चांगलाच उतरला होता. उभा राहतोय तोच पँट घसरली आणि उजव्या हातानं आपोआप कमरेशी जाऊन ती मुठीत धरली. बायको फिस्सकन हसली. तो हसणार होता. पण समोर आरसा होता, आणि आरशात ती मूठ होती. तीच. अंगठा आत, बोटं वर.

बायको हसतच स्वयंपाकघरात गेली. तो एका हातानं पँट धरून टेबलापाशी गेला आणि भिंग फोटोवर ठेवलं. पहिला, पट्टा नाही. दुसरा, नाही. तिसऱ्याची विजार मांड्यांवर उतरलेली. सहांपैकी एकाच्याही कमरेला पट्टा नव्हता.

आणि याचा अर्थ त्याला माहीत होता. लष्करी नियमांच्या पुस्तकांतून त्यानं हे शंभर वेळा वाचलं होतं. शरण आलेल्याचा आधी पट्टा काढून घ्यायचा. विजार सावरण्यात एक हात अडकतो, माणूस पळू शकत नाही. म्हणजे हे सहा जण लढताना मेलेच नव्हते. त्यांनी हात वर केले होते, त्यांचे पट्टे काढून घेतले होते, एका ओळीत उभं केलं होतं. मग गोळ्या घातल्या आणि मग फोटो काढला. चौथा तर विजार धरून मेला. मरताना माणूस अब्रू सांभाळत होता आणि बाबा कमरेवर हात ठेवून हसत होते.

त्याची नजर टेबलावरच्या पट्ट्यावर गेली. समोरासमोर लढला म्हणे. पितळेची ती चव तोंडात भरून आली. तो बेसिनकडे धावला आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकला. मग चुळा भरत राहिला, पण चव जाईना. त्याला बापाची किळस आली. बापाचे दात चार दिवस खपून बसवणाऱ्या आपल्या हातांची आली. बशीतल्या त्या सहा लखलखीत बक्कलांची तर अशी आली, की त्यानं त्यांच्यावर वाटी पालथी घातली.

दुपारी त्यानं मेजरसाहेबांना फोन लावला. जे दिसलं ते सरळ सांगितलं.

“पट्टे घालून टाका,” मेजरसाहेब म्हणाले.

“पण फोटोत नाहीयेत.”

“भिंग घेऊन कोण बघायला बसलंय?”

“तुम्हीच म्हणालात, एक-एक बटण खरं पाहिजे.”

“ते आपल्या माणसांबद्दल हो.” आवाज समजुतीचा झाला. “हे बघा, तुमच्या वडिलांचा मान आहे. तुमच्या आई पडदा ओढणार, पुढे चार मोठी माणसं बसणार. या वयात त्यांना हे दाखवणार आहात? त्यांचा तरी विचार करा.”

फोन ठेवल्यावर कवळीवाल्याच्या लक्षात आलं, की मेजरसाहेब एकदाही “काय सांगता” म्हणाले नव्हते. या माणसाला आपण आपल्या कपातून चहा पाजला होता. त्यानं तो कप उचलून केरात टाकला.

तीन दिवस तो टेबलाकडे फिरकला नाही. कवळ्या करायला बसला तर मेणातले दात हसायला लागायचे. सहा बक्कलं चिकटवायला अर्धा तास पुरला असता. आईचा मान राहिला असता, बाबांचं नाव राहिलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. फक्त त्याला कळलं असतं, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या चुका चिमट्यानं उपटत आलेल्या माणसानं हे पचवायचं कसं, ते त्याला समजेना.

चौथ्या दिवशी तो बसला. सहाही जण त्यानं बिनपट्ट्याचे केले. चौथ्याची मूठ या वेळी पहिल्या फटक्यात जमली. मग त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, फोटोत नसलेली एक गोष्ट देखाव्यात घातली. बाबांच्या खांद्यावर शत्रूचा पट्टा टाकला, बक्कल पुढे. उरलेली पाच बक्कलं बशीत राहिली. ती त्यानं फेकली नाहीत. देखावा आधी आईला दाखवायचा. ती नको म्हणाली तर निमूट सगळ्यांना पट्टे चढवायचे आणि मेजरसाहेबांच्या हवाली करायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तिच्यावर हे चारचौघांत कोसळू द्यायचं नव्हतं.

रविवारी जेवणाआधी तो आईला हाताला धरून घेऊन आला. पंचाहत्तरी उलटली होती, पण नजर शाबूत होती. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं आणि भिंग हातात दिलं. तिनं डावीकडून सुरुवात केली. तिसऱ्यापाशी थांबली.

“हसतायत.”

“हो. फोटोत तसंच आहे.”

भिंग खाली सरकलं. एकेका मेलेल्यावरून जाताना तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. चौथ्यापाशी बराच वेळ थांबली. त्यानं हे वाक्य तीन दिवस घोकलं होतं, तरी आवाज फाटला.

“आई, हे लढताना नाही मेले. हे शरण आले होते.”

तिनं मान वर केली नाही. भिंग पुन्हा बाबांवर नेलं.

“यांच्या खांद्यावर काय आहे?”

“पट्टा. आपल्या घरातला.” त्यानं बशी जवळ ओढली. “तुला नको असेल तर काढतो. यांनाही सगळ्यांना पट्टे लावून देतो. तू फक्त सांग.”

“खांद्यावर नव्हता तो,” आई म्हणाली.

“काय?”

“कमरेला होता. गाडीतून उतरले तेव्हा कमरेला दोन पट्टे होते. आपला वर, हा खाली. तू माझ्या कडेवर होतास. वाकून वाकून बक्कल धरायला बघत होतास, आणि मी कौतुकानं धरू दिलं.” तिनं भिंग टेबलावर ठेवलं. “घरी येऊन पाय धुतले, जेवायला बसले आणि जेवता जेवता सांगितलं कुठनं आणला ते. असेच हसत होते.”

कवळीवाल्यानं मान वळवली. दारातून बाहेरच्या खोलीतली फ्रेम दिसत होती. डावीकडे गुडघ्याखाली, उजवीकडे गुडघ्याच्या वर.

आईनंही तिकडे पाहिलं.

“कात्री बोथट होती,” ती म्हणाली.

स्वयंपाकघरात बायको ताटं मांडत होती. आई खुर्चीच्या हाताला धरून उठली. तो आधाराला पुढे झाला तसा तिनं त्याचा हात दूर केला.

“पडदा मीच ओढायचा ना?”

“आई, नाही गेलीस तरी चालेल. मी सांगतो त्यांना, बरं नाही म्हणून.”

“ओढीन की. मला काय झालंय?” ती दारापर्यंत गेली आणि चौकटीला हात टेकून थांबली. “तो पट्टा तेवढा कमरेला कर. चूक राहायला नको.”

त्यानं चिमटा उचलला.

“आणि मग हात धुऊन ये.”