फादरांच्या कबरीचा ओटा

सासऱ्यांनी आयुष्यभर कबरींवरचे क्रूस आणि देवदूत घडवले, आणि जावई मिळाला तो किचनचे ओटे बसवणारा. आता पोटासाठी माणूस काय वाटेल ते करतो, त्यात लाजायचं काय? पण सासऱ्यांना कोण सांगणार! "ओट्यावर काय, कांदे चिरतात," असं म्हणून ते नाक मुरडायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जावयाला ‘ओटेवाले’ अशीच हाक. वर पुन्हा अहो-जाहो, म्हणजे आणखीच झोंबायचं.

असे हे सासरे एका रविवारी भर चर्चमध्ये उठून उभे राहिले. विषय होता पहिल्या फादरांच्या कबरीचा. हे फादर कोणे एके काळी पायी आले, पहिली शाळा काढली, पहिला दवाखाना काढला आणि इथेच देह ठेवला. पुढे लोक शिकले, बरे झाले आणि फादरांना विसरले. कबरीच्या शिळेचे तुकडे झाले, क्रूस कलंडला, वेलींचं रान माजलं, शेळ्या तिथे दुपारची झोप काढू लागल्या. आता बिशप येणार म्हटल्यावर सगळ्यांना एकदम फादरांचा पुळका आला. पण काम करणार कोण? सासऱ्यांचा हात तर थरथरायला लागलेला.

"माझा जावई करील," सासरे म्हणाले. "बिघडलं तर मी या चर्चची पायरी चढणार नाही."

तापातसुद्धा ज्यांची चर्चमधली सकाळची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, चुकली नाही, त्यांनी हे बोलावं! 

जावयाने काम जीव ओतून केलं. वेली उपटल्या, क्रूस सरळ केला, त्यावरची अक्षरं दात घासायच्या ब्रशने घासली. नवी काळी शिळा आणून कडा गोल केल्या, तोंड दिसेल असं पॉलिश मारलं. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एकदा हात फिरवून ‘बरं झालंय’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. त्याच विचारात त्याची तंद्री लागली, आणि हात आपले रोजच्या वाटेने चालत राहिले.

बायको डबा घेऊन आली. शिळेभोवती फिरली आणि थबकली.

"अहो, हे भोक कसलं?"

जावयाने पाहिलं. शिळेच्या उजव्या अंगाला ऐसपैस चौकोनी, कोपरे सुबक गोल केलेलं भोक. सिंकचं! मागे नळासाठी छोटंसं वेगळं भोकही होतं.

"फादरांना भांडी घासायची आहेत का?"

"अगं, सवयीने हातच गेला!"

"आणि उतारही बरोब्बर तिकडेच दिलाय." बायकोला हसू आवरेना. हसता हसता ती रडकुंडीला आली. "बाबांनी शब्द दिलाय हो! आता काय करायचं?"

दुसरी शिळा यायला महिना लागणार, बिशप तर परवा हजर. मग काय, अडला हरी! शिळा कबरीवर बसवली, भोकात आडवी फळी अडकवली आणि वर मोठी झाडाची कुंडी ठेवली. सासरे आधी बघायलाच आले नाहीत. "बिशपांबरोबरच बघीन," म्हणाले.

बिशप आले. प्रार्थना झाली. पवित्र पाणी शिंपडलं. बिशपांचा हात सढळ आणि जावयाचा उतार पक्का; सगळं पाणी इमानदारीत भोकाकडे धावलं. ओली फळी सटकली आणि कुंडी झाडासकट गडप! वर फक्त दोन पानं हलत राहिली.

बिशपांनी वाकून पाहिलं.

"हे सिंक आहे का? आमच्या किचनमध्ये डिट्टो असंच आहे."

"ते मीच बसवलंय!" जावई अभिमानाने बोलून गेला, आणि मग त्याने जीभ चावली.

सासरे काठी टेकत पुढे आले. "माप मी दिलं होतं. चूक माझी."

"नाही मामा! भोक माझं आहे."

"माझं म्हटलं ना!"

"तुम्ही शिळा पाहिलीसुद्धा नव्हती!"

एका भोकासाठी सासरा-जावई कबरीशी हमरीतुमरीवर आलेले बिशपांनी पहिल्यांदाच पाहिले असतील. शेवटी सासरे म्हणाले, "कुणाचंही असो. शब्द म्हणजे शब्द. भोकात दगडाचा तुकडा असा बसवा की सांधा हाताला लागता कामा नये. तेव्हाच पायरी चढेन." आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवसापासून ते कबरीशेजारी स्टूल टाकून बसू लागले. आतली मिस्सा खिडकीतून ऐकायची आणि घुटमळत पायरीकडे बघायचं. जावयाला बघवेना. तोही पहाटे दगड घेऊन हजर.

"मशीन ठेवा ते. छिन्नी घ्या. मनगट सैल सोडा, लाकूड फोडताय का?"

तुकडा बसला की सासरे डोळे मिटून बोट फिरवायचे. "लागतोय." पुन्हा घासा. "लागतोय." एक तुकडा फुटला, दुसरा ढिला झाला. मध्येच सासरे देवदूताचे पंख कसे काढायचे ते सांगत बसायचे. भोकाला पंखांचा काय उपयोग, ते जावयाने विचारलं नाही. ‘ओटेवाले’ कधी सुटलं ते कळलंच नाही. एक दिवस म्हणाले, "अरे गाढवा, अंगठा सांभाळ!" जावयाला इतका आनंद झाला की त्याने अंगठा ठेचून घेतला.

आणि एका सकाळी तुकडा बसला. आत मिस्सेची घंटा झाली. सासऱ्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग उलट्या हाताने फिरवलं. जावई श्वास रोखून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि त्याला कळलं: सांधा सापडत नव्हता.

"मामा? जायचं ना आत?"

सासऱ्यांनी पायरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"लागतोय," ते म्हणाले.

"कुठे?"

"लागतोय म्हटलं ना! काढ तो. उद्या नव्याने करू."

जावयाने छिन्नी उचलली. पण तुकडा इतका घट्ट बसला होता की निघता निघेना. मग दोघं शेजारी शेजारी गुडघे टेकून तो उचकटायला बसले.