पास्टर्कच्या डुकरासाठी रायफल

अंगठा

हार्टविग पास्टर्कने माझी कुत्री मारली, म्हणून मी अडुसष्टाव्या वर्षी आयुष्यातली पहिली दुनळी रायफल घ्यायला बंदुका बनवणाऱ्यांच्या गावी, फेरलाखला गेले. बाकीचं नंतर. आधी अंगठा.

लोइस चेर्नको माझ्या वर्गातला. तेव्हा माझ्या वेण्या शाईत बुडवायचा, आता बंदुका विकतो. त्याने काउंटरवर एक कोरी रायफल ठेवली. हल्लीच्या बंदुकांना मानेवर एक खटका असतो. तो अंगठ्याने पुढे रेटला की मगच आतली स्प्रिंग ताणली जाते. तोवर बंदूक म्हणजे नुसती काठी. मी रेटलं. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा असायला हवा तिथे आता वाळू आहे. खटका जागचा हलला नाही.

"दोन्ही अंगठे लाव," लोइस म्हणाला.

"आणि बंदूक कशात धरू? दातांत?"

"दात तरी तुझे आहेत का?"

"तुझ्यापेक्षा जास्त आहेत."

त्याने ती उचलून ठेवली. "हवीय कशासाठी?"

"डुकरासाठी."

"कुठल्या?"

"चार पायांच्या."

"बरं झालं विचारलं. दोन पायांचं असतं तर मला विकता आली नसती."

तर्जनी

हे बोट कुणाकडे रोखलंय ते आता सांगते.

झेंटा माग काढणारी कुत्री होती. कुणाची गोळी चुकीची लागून हरीण जखमी होऊन पळालं, की ती शोधून द्यायची. पास्टर्कची चुकलेली हरणं तिने सगळ्यांत जास्त शोधली. म्हातारपणी बहिरी झाली. एका सकाळी बर्फात कुंपणाबाहेर गेली, मी हाका मारत राहिले, तिला ऐकू आल्या नाहीत.

पास्टर्क आमच्या शिकारमंडळाचा प्रमुख. जंगलात हरणामागे लागलेल्या मोकाट कुत्र्याला गोळी घालायचा त्याला कायद्याने हक्क आहे. झेंटाला जिना चढवत नव्हता. हरणामागे ती काय लागणार? त्याने तिला खताच्या गोणीत घालून माझ्या फाटकाशी आणून ठेवलं. गोणीचं तोंड सुतळीने नीटनेटकं बांधलं होतं.

"कायदा आहे, काकू," तो म्हणाला. "लांबून पट्टा दिसला नाही."

पट्टा नारिंगी होता. बर्फ पांढरा होता.

मी तक्रार केली नाही. कायदा त्याच्याकडे होता. त्याच्याकडे आणखी एक गोष्ट होती, तिच्यावर मी नजर ठेवली: एक अजस्र रानडुक्कर. वर्षानुवर्षं मका घालून त्याने ते जंगलात पोसलं होतं. त्याला तो 'सरपंच' म्हणायचा. गावच्या खऱ्या सरपंचाने एकदा खानावळीत हरकत घेतली, तेव्हा पास्टर्क म्हणाला, "तुझ्यात आणि त्याच्यात फरक आहे. खाल्लेला मका त्याच्या लक्षात राहतो." साठी लागेल त्या हिवाळ्यात पास्टर्क ते स्वतः मारणार होता. सुळे लावायची लाकडी पाटी सुताराने करून दिली होती. साल तेवढं कोरायचं राहिलं होतं. इतरांनी त्या डुकरावर नेम धरू नये असा नियम कुठेही नव्हता. पाळत मात्र सगळेच होते.

मला ते डुक्कर हवं होतं. आमच्याकडे ज्याने जनावर मारलं त्याच्यापुढे शिकारप्रमुखाने टोपी काढायची असते, आणि त्याच टोपीवर ठेवून सूचिपर्णी झाडाची हिरवी डहाळी द्यायची असते. पास्टर्कने त्याच्या सरपंचाच्या मढ्याशेजारी उभं राहून माझ्यापुढे टोपी काढावी. एवढंच हवं होतं.

परवाना माझ्याकडे नवऱ्याच्या वेळेपासून होता, आणि त्याची एकनळी बंदूकही. पण हाक्यात हाकाऱ्यांनी उठवलेलं डुक्कर धावत येतं. पहिली गोळी हुकली, तर माझी बोटं दुसरं काडतूस भरेपर्यंत ते डोंगरापलीकडे स्लोव्हेनियात पोचेल. म्हणून दोन नळ्या.

आणि दोन चाप. लोइस एक चाप असलेली दाखवत होता. "बोट हलवायलाच नको," म्हणाला. पण त्यात पहिल्या गोळीनंतर बोट पूर्ण सैल सोडावं लागतं, तरच दुसरी सुटते. माझं बोट वाकतं ते वाकतंच. सरळ व्हायला त्याला विनवावं लागतं. दोन चाप असले की वाकलेलंच बोट मागे घसरवता येतं. हे आम्हाला दुकानात खोटी काडतुसं घालून, भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या बाईवर नेम धरून कळलं.

मधलं बोट

"हे आधीच मागच्या चापावर ठेवलं तर?"

लोइसने माझ्या हातातून बंदूकच काढून घेतली. "पहिल्या धक्क्यासरशी ते आपोआप दाबलं जाईल. दोन्ही नळ्या एकदम. मग खांदा एकीकडे आणि तू दुसरीकडे."

"मग या बोटाचं करू काय?"

"पास्टर्कला दाखव. पण घरी. हाक्यात नको."

अनामिका

अंगठी कापून काढावी लागली. बंदुकीशी संबंध नाही.

करंगळी

(हिला कुणी विचारलं नाही.)

मनगट

हलकी घेतली तर धक्का खांदा मोडतो. जड घेतली तर मनगट. नवी घेतली तर ती मधून मोडून उघडायला गुडघा लावावा लागतो. लोइस मागच्या खोलीत गेला आणि कुणा मेलेल्या डॉक्टरची जुनी रायफल घेऊन आला. मधल्या वजनाची, आमच्याकडे सगळे वापरतात त्याहून एक माप लहान काडतुसाची. वरचा खटका साधा, नुसता सरकवायचा. कळ दाबली की नळ्या आपल्याच भाराने खाली झुकायच्या, थकलेल्या माणसाने खुर्चीत बसावं तशा.

"नवी बंदूक तरुण बायकोसारखी असते," लोइस म्हणाला. "आपल्याला झेपत नाही."

"तुला जुनीही झेपली नव्हती. पळून गेली."

"बांधून देऊ का?"

"सुतळीने नको," मी म्हणाले. त्याने मान खाली घातली आणि पट्टा शोधू लागला. सगळ्या गावांना सगळं माहीत असतं.

कान

नोव्हेंबरात हाका होता. सगळे गोल उभे राहिले आणि पास्टर्क एकेकाला जागा वाटू लागला.

"रोझविथाकाकू, तुम्ही ओढ्याच्या मोरीपाशी. तिथं बसायला बाकडं आहे."

हशा.

"येतं का काही तिथं?" मी विचारलं.

"थंडी येते."

पुन्हा हशा. शेजारचा फ्रीडलसुद्धा हसला. पंचवीस वर्षं माझ्या घरची कडबोळी खाऊन हसला. "आणि नवीन रायफल जपून, काकू," पास्टर्क म्हणाला. "दोन आवाज असतात तिला. घाबराल."

"पहिला तुझ्यासाठी ठेवते," मी म्हणाले. हे मात्र सगळ्यांनी हसण्यावारी नेलं.

डोळा

म्हातारं डुक्कर माणसं जिकडे हाकतात तिकडे जात नाही. माणसं जिथे नाहीत तिकडे जातं. पास्टर्कने मला बरोबर अशाच ठिकाणी उभं केलं होतं.

आधी भुंकणं ऐकू आलं, मग ओढ्याच्या पात्रातून सरपंच आला. त्याच्या मागे पास्टर्कचा तरुण कुत्रा, अर्को, एकटाच. मोरीच्या दगडी भिंतीशी डुक्कर वळलं. पाठ भिंतीला लावली आणि कुत्र्याला समोर घेतलं.

डुकराची बगल मला स्वच्छ दिसत होती. खटका सरकवला. बोट पुढच्या चापावर.

आणि मी थांबले.

डुकराने मान खाली घालून वर झटकली. अर्को हवेत उडाला, पडला, उठला, पुन्हा तोंडाशी गेला. त्याच्या मांडीतून वाफ निघत होती. डुकराला गोळी घातली असती तर कुत्रा तिथेच वाचला असता. मला गोणी दिसत होती. म्हटलं, होऊ दे. एकाच दिवशी दोन्ही होऊ देत. डुकराने त्याला पुन्हा एकदा भिंतीशी दाबलं. तो ओरडला, आणि मी ऐकलं.

मग डुक्कर कंटाळलं आणि वर जायला वळलं. तेव्हा मी चाप ओढला. कुत्र्यासाठी नाही. डुक्कर निघालं होतं म्हणून. पहिली गोळी बगलेत मागे लागली. बोट आपसूक घसरलं. दुसरीने ते गुडघ्यांवर आलं आणि तसंच राहिलं.

डोकं

पास्टर्क धावत आला. त्याने सरपंचाकडे पाहिलंच नाही. कुत्र्यापाशी गुडघे टेकले, कोट काढून त्याच्या मांडीवर आवळला. हाकारे जमले. फ्रीडलने डहाळी तोडून, डुकराच्या रक्तात बुडवून पास्टर्कच्या हातात दिली. तो उठला. टोपी काढली. विरळ केस, घाम, रडून लाल झालेलं नाक.

"वाइडमान्सहाइल, रोझविथाकाकू," त्याने रीतीप्रमाणे शिकारीचं अभिनंदन केलं. "तुम्ही नसता तर अर्को गेला असता. मी हे विसरणार नाही."

ज्यासाठी मी सगळं केलं होतं ते घडलं आणि त्यात आभार निघाले. मला ते नको होते. मी त्याला सांगू शकले असते की मी थांबले होते. पण मग त्याच्याकडे माझ्याविरुद्ध काहीतरी राहिलं असतं.

मी डहाळी घेतली. रीत अशी, की कुत्र्याने जनावर रोखून धरलं असेल तर शिकाऱ्याने आपल्या डहाळीचा तुकडा मोडून कुत्र्याच्या मालकाला द्यायचा. तो कुत्र्याच्या पट्ट्यात खोवतात. न देणं म्हणजे, कुत्रा तिथे नव्हताच असं म्हणणं. पास्टर्कने हात पुढे केला.

मी अख्खी डहाळी माझ्या टोपीत खोवली.

"रोझविथा," फ्रीडल हळूच म्हणाला, "कुत्र्याची द्यायची राहिली."

"कुठला कुत्रा?" मी म्हणाले. "लांबून पट्टा दिसला नाही."

फ्रीडल माझ्यापासून एक पाऊल बाजूला सरकला, आणि मग बाकीचेही. पास्टर्कचा हात तसाच पुढे होता. कोटावर पडलेला अर्को माझ्याकडे बघून शेपटी आपटत होता. त्याच्या लेखी मी चांगली बाई होते. बऱ्याच वेळाने पास्टर्कने हात मागे घेतला.

"झेंटा," तो म्हणाला. तिचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"हो," मी म्हणाले. "आता घाल टोपी."