खांबाआडचा साहेब

कुत्र्याचं नाव साहेब. अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या प्रशिक्षण केंद्राच्या कागदावर दुसरंच काहीतरी होतं, पण रुग्णालयात टेलिफोन सांभाळणाऱ्या ऑपरेटरबाईंपुढे तो अशा ऐटीत चालायचा की पहिल्याच आठवड्यात तिथल्या मंडळींनी त्याला ही पदवी देऊन टाकली. बाईंची नजर विशीतच गेली होती. पुढची पंधरा वर्षं भावाचा, शेजारणीचा, दिसेल त्याचा दंड धरून काढल्यावर साहेब आला, आणि तेव्हापासून त्यांनी कोणाचाही दंड धरला नव्हता.

घोडं अडलं ते भाड्याच्या गाड्यांपाशी. मोबाइलवरून गाडी बोलवावी, चालकाला लांबूनच कुत्रा दिसावा आणि गाडी न थांबता पुढे जावी, हे ठरलेलं. थांबलीच तर एकाला केसांची अ‍ॅलर्जी, दुसऱ्याची सीट नवीकोरी, तिसऱ्याला बायकोची सक्त ताकीद. कायदा बाईंच्या बाजूने होता, पण तो काही गाडी चालवत नव्हता. तक्रार केली की मोबाइल गोड आवाजात कंपनीचा निरोप वाचून दाखवायचा, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. असे एकोणीस निरोप झाले. आधी बाईंना संताप यायचा, मग रडू यायचं, मग दोन्ही बंद झालं. दातवाल्याकडून आल्यावर आपण बधिर गाल चिमटून पाहतो तसं त्या मधूनच स्वतःला चाचपून पाहायच्या. काही लागत नव्हतं.

शेवटी त्यांनी एक शक्कल लढवली. साहेबाला फाटकाच्या खांबाआड बसवायचं, गाडी थांबली की दार उघडून धरायचं आणि मगच हाक मारायची. दार उघडं असलं की चालक पळणार कसा? पळायचे नाहीत, पण कुत्रा दिसताच हुज्जत घालायचे. बाई दार सोडायच्या. गाडी गेली की साहेब येऊन मान पुढे करायचा आणि बाई त्याच्या कानामागे खाजवायच्या, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष म्हणून. मग दोघं पाऊण तास चालत कामावर. दोन महिन्यांत तो इतका तरबेज झाला की गाडीची चाहूल लागताच आपणहून खांबाआड जायचा आणि हाक आली तरी गाडी जाईपर्यंत हलायचा नाही. बाईंना वाटलं, यालाही अपमान कळायला लागला. त्यांना त्याचं कौतुकच वाटलं.

वर्षाची तपासणी करायला केंद्राचे मास्तर आले तेव्हाही बाईंच्या मनात धास्ती नव्हती. कामात कुचराई करणारा कुत्रा केंद्र परत नेतं आणि दुसरा मिळायला तीन वर्षं लागतात, हे त्यांना पाठ होतं. पण साहेब आणि कुचराई? जिना, चौक, गर्दीचा फूटपाथ, त्याने सगळं बिनचूक केलं. मग फाटकापाशी परतल्यावर मास्तरांनी स्वतःच गाडी मागवली आणि चालकाला फोनवर कुत्र्याची कल्पना दिली.

गाडी थांबली. बाईंच्या हातातली पट्ट्याची मूठ गेली. साहेबाने ओढली नव्हती, सवयीने त्यांनीच ती सोडली होती. साहेब खांबाआड जाऊन बसला.

चालक उतरला, त्याने मागचं दार उघडलं. "ताई, कुठाय तो? चादर अंथरलीय त्याच्यासाठी," तो म्हणाला.

बाईंनी हाक मारली. पुन्हा मारली. मास्तरांनी चुचकारून पाहिलं. मग बाई स्वतः खांबामागे गेल्या आणि पट्टा धरून ओढू लागल्या. साहेबाने चारही पाय रोवले होते. तो गुरगुरला नाही, की थरथरलाही नाही. चालक दहा मिनिटं थांबला, मग पुढचं भाडं आलं तेव्हा दहादा माफी मागून निघून गेला.

गाडीचा आवाज वळणापलीकडे गेल्याबरोबर साहेब उठला आणि मूठ बाईंच्या हाताखाली येईल असा उभा राहिला.

"हे कोणी शिकवलं?" मास्तरांनी विचारलं.

"मी."

का, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक असावं. सवय मोडता येईल, पण केंद्रात नेऊन, आणि मग तो यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाईल, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. सोमवारी न्यायला येतील. कागदावर पेन चालू लागलं.

"गाडीला बिचकतो, असं लिहावं लागेल."

"बिचकत नाही," बाई म्हणाल्या. "शिकवलेलं करतो."

साहेबाने बाईंच्या तळहाताला नाकाने ढोसलं, मग मान पुढे केली. गाडी गेली होती, त्याचं काम चोख झालं होतं, आणि तो वाट पाहत होता. बाईंनी त्याचा कान शोधला.

"शाब्बास," त्या म्हणाल्या आणि खाजवू लागल्या.