सगळे खण हिरवे

मित्रांनो, मी खणांची एक जुनी लाकडी मांडणी आहे. उंची पुरुषभर, रुंदी दोन दारांएवढी, खण अठ्ठेचाळीस. प्रत्येक खणाला पुढून एक झडप, झडपेत कागद सरकवायला फट आणि खाली पत्र्याची चिमुकली पट्टी, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी. माझ्यात कुणी कधी कपडे ठेवले नाहीत की भांडी ठेवली नाहीत. मी सांभाळली ती माणसांची अर्धवट राहिलेली शिक्षणं.

मला एका सुताराने घडवलं. तो स्वतःच दूरशिक्षण संघाचा विद्यार्थी होता. "मला भाषण करून आभार मानता येत नाहीत, खण करून देतो," एवढंच तो म्हणाला. माझा सातवा खण त्याला मिळाला. त्या खणाची झडप बाकीच्यांपेक्षा आजही जरा सफाईने बसते. स्वतःच्या बाबतीत माणूस थोडा हात सैल सोडतोच. नेहमी सोडतो असं मात्र नाही, हे मला पुढे कळलं.

टायरच्या दुकानावर संघाच्या दोन खोल्या होत्या. नोकरी किंवा संसार यांपायी ज्यांचं कॉलेज सुटलं, ती माणसं घरी अभ्यास करत, स्वाध्याय लिहीत आणि माझ्या फटीतून आत टाकून जात. टाकलं की पट्टी लाल. मग संघातलं कुणीतरी ते तपासून विद्यापीठाला पाठवी. पाठवलं की पट्टी हिरवी. काम सगळं हौसेचं. पगार कुणालाच नव्हता, त्यामुळे रजा मात्र सगळ्यांना होती.

सगळ्यांना म्हणजे एक ताई सोडून.

ताई दाताच्या दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घ्यायच्या. दवाखाना सुटला की साडेपाचला जिना चढत. त्या संघाच्या केंद्रप्रमुख होत्या. दर गुरुवारी माझे खण उघडत, गठ्ठे बांधत, तपासणाऱ्यांच्या घरी पोचवत, परत आणत, पाठवत आणि पट्ट्या फिरवत. तपासणाऱ्यांपैकी गणितवाले सर गुडघ्यांमुळे जिना चढू शकेनासे झाले, तेव्हा त्यांच्याकडेही ताईच जाऊ लागल्या. उपप्रमुखाची जागा दर वर्षी सर्वानुमते रिकामी ठेवली जाई.

ते 'सर्वानुमते' ठरावकाकांचं. काका संघाचे अध्यक्ष, निवृत्त भूमापक. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता शब्द मोजायचं सोडून दिलं होतं. पंखा बिघडला तरी काका ठराव मांडत. मनाने निर्मळ माणूस. फक्त ठराव झाला म्हणजे काम झालं, असं त्यांना मनापासून वाटे.

कुणी अभ्यास सोडला की ताई त्याच्या मागे लागत. एकोणीस नंबरचा क्रेनवाला दोनदा पळाला. दुसऱ्या खेपेला ताई थेट गोदीत गेल्या आणि क्रेनखाली उभं राहून ओरडल्या, "खाली येताय, का मी वर येऊ?" तो खाली आला. संघात येऊन त्याने ही हकीकत स्वतःच सांगितली. "पन्नास टनांना घाबरलो नाही, पण ह्या बाईंना घाबरलो," म्हणाला. सगळे हसले. ताई कागद लावत होत्या. हसायला त्यांना सवड नव्हती.

अठ्ठेचाळिसावा खण ताईंचा होता. ही गोष्ट बरेच जण विसरले होते. आठ वर्षांपूर्वी त्यांनीही पदवीसाठी नाव घातलं होतं. परीक्षा दिल्या, पास झाल्या. संख्याशास्त्राचे चार स्वाध्याय तेवढे राहिले होते. दर वर्षी राहत होते.

मग विद्यापीठाचं पत्र आलं. नव्या सत्रापासून केंद्रप्रमुख पदवीधरच असला पाहिजे.

"असं कसं? निषेधाचा ठराव पाठवू," काका खुर्चीतून उठलेच.

"ठराव नको, काका. माझे चार स्वाध्याय राहिलेत, ते लिहिते. माझी नोंदणीही याच महिन्याअखेर संपतेय."

"आठ वर्षं चार स्वाध्याय?"

"सगळ्यांचं आवरता आवरता राहिले."

काका म्हणाले, "तू ना, अगदी आमच्या हिच्यासारखी आहेस. सगळ्यांना वाढून झालं की हिला आठवतं, आपलं ताट राहिलं."

ताईंनी ते चार स्वाध्याय कसे लिहिले ते मी पाहिलं आहे. माझ्यासमोरच्या टेबलावर, माणसं यायच्या आधीच्या अर्ध्या तासात. मधूनच कुणी विद्यार्थी येई, "ताई, जरा हे बघता?" आणि आलेख तिथेच थांबे. बावीस तारखेला चारही पुरे झाले. त्यांनी कागद फटीतून आत सरकवले, पट्टी लाल केली आणि तिच्यावरून एकदा बोट फिरवलं.

इथे संघाचा एक नियम सांगायला हवा. स्वतःचा खण स्वतः उघडायचा नाही, स्वतःच्या कागदाला पुन्हा हात लावायचा नाही. पूर्वी एकाने टाकलेला स्वाध्याय काढून उत्तरं बदलली होती, तेव्हा ताईंनीच हा नियम केला.

"काका, माझे खणात आहेत हं. ते तुमच्यापैकी कुणीतरी न्यायला हवेत."

"नेतो ना! आणि ऐक, या गुरुवारी वार्षिक सभेत तुझा सत्कार आहे. सत्कारमूर्तीने खणांना हात लावायचा नाही. आम्ही आहोत."

आम्ही आहोत. मित्रांनो, या दोन शब्दांत नेमकं कोण आहे, हे मला अजून कळलेलं नाही. काकांनी संघातल्याच एका चष्म्याच्या दुकानदाराला सांगितलं, "तेवढं बघा." दुकानदाराला वाटलं, सर कुणाला तरी पाठवून मागवतील. सर घरी बसून वाट पाहत होते, की नेहमीप्रमाणे ताई आणून देतील.

गुरुवार आला. हार आला, खुर्च्या आल्या, फोटोवाला आला. त्याने कॅमेरा माझ्याकडे रोखला आणि मान वाकडी केली.

"मागे हे लाल लाल काय आहे? फोटोत टोचतंय."

सहा पट्ट्या लाल होत्या. "थांबा," म्हणून काका पुढे आले आणि त्यांनी एकामागून एक सहाही पट्ट्या हिरव्या केल्या. "हं, आता कसं शोभेल! फोटो झाला की पुन्हा फिरवू." शेवटची पट्टी अठ्ठेचाळीस नंबरची होती. मी लाकूड आहे. ओरडता आलं असतं, तर त्या दिवशी ओरडले असते.

ताई आल्या. दारातच थबकल्या. त्यांची नजर माझ्यावरून ओळीओळीने फिरत खाली आली. सगळे खण हिरवे. त्यांनी हात न लावता, न सांगता, न धावता, सगळे. त्यांचे डोळे भरून आले. सत्काराला उत्तर देताना त्या एवढंच म्हणाल्या, "आज मला फार बरं वाटतंय. तुम्हाला आता माझ्यावाचून जमतंय." लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. काकांनी आभाराचा ठराव मांडला. तो मंजूर झाला तेव्हा ताईंचे कागद काकांच्या पाठीपासून एका हातावर होते.

पट्ट्या पुन्हा फिरवायच्या राहिल्या.

पुढच्या महिन्यात विद्यापीठाकडून यादी आली. तुमच्या केंद्रातील खालील सहा विद्यार्थ्यांचे स्वाध्याय मिळालेले नाहीत. ताईंनी ती उभ्यानेच वाचली. मग माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता अठ्ठेचाळीस उघडतील. त्यांनी आधी एकोणीस उघडला. क्रेनवाल्याचा गठ्ठा तसाच होता. मग चार, अकरा, तीस, छत्तीस. पाचही गठ्ठे काढून त्यांनी पदराने पुसले. आपल्या खणाची झडप त्यांनी काकांना उघडायला लावली.

काकांनी आतले चारही स्वाध्याय बाहेर काढले. "फोटोसाठी गं," म्हणाले. "फोटोसाठी फिरवल्या मी."

ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. त्यांनी यादीखालची टीप वाचून दाखवली. चूक केंद्राची असल्यास, केंद्रप्रमुखाच्या सहीच्या दाखल्यासह स्वाध्याय सात दिवसांत स्वीकारले जातील. पाच गठ्ठे घेऊन त्या निघाल्या. चौथ्या दिवशी तपासून आणले आणि दाखला लिहायला बसल्या.

"सहावं नाव घाल," काका म्हणाले.

"माझ्याबद्दल मीच दाखला देऊ?"

"खोटं थोडंच आहे ते?"

"खरंच आहे. पण सही माझी असेल ना, काका."

"मग मी करतो सही!"

"तुमची चालणार नाही. केंद्रप्रमुख नाही तर उपप्रमुख, असं लिहिलंय." ताईंनी पेनाचं टोपण काढलं. "उपप्रमुख आपण नेमला नाही."

त्यांनी पाच नावं लिहिली, खाली सही केली, शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिल्या. ती त्यांची केंद्रप्रमुख म्हणून शेवटची सही.

पाचही जण पास झाले. क्रेनवाला पदवी दाखवायला धावत जिना चढून आला. "ताई कुठायत?" काकांनी टेबलामागच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. आता काकाच केंद्रप्रमुख आहेत. पदवी त्यांच्याकडे तरुणपणापासून आहे.

एका संध्याकाळी गणितवाले सर कठड्याला धरून, पायरी-पायरीवर थांबत वर आले. "तिचे कागद द्या," म्हणाले. आता ते कुठेही पाठवता येणार नव्हते. तरी सरांनी चारही स्वाध्याय ओळ न ओळ तपासले. एका आलेखात एक चूक सापडली. तिथे त्यांनी हलकीशी खूण केली. शेवटी 'उत्तम' असं लिहिलं, खाली सही केली. त्याखाली 'दिनांक' अशी चौकट होती. सर तिच्याकडे पाहत राहिले. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि चौकट कोरीच सोडली.

मित्रांनो, आता बहुतेक विद्यार्थी संगणकावरून स्वाध्याय पाठवतात. माझ्या झडपा सैल झाल्या आहेत. मला रंग द्या, पुसा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. लाकडाचं काय, ते उभं राहतं. पण तुमच्या शाळेत, तुमच्या घरात असं एक माणूस नक्की असेल, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात, "ती बघेल, तो करेल." त्या माणसाला हार घालण्याआधी जवळ बसवा आणि विचारा, तुझं काय राहिलंय? ते 'काही नाही' म्हणेल. तेव्हा त्याच्या म्हणण्यावर जाऊ नका. उठा आणि स्वतः बघा. माझ्या ताईंसाठी त्या महिन्यात एकानेही तेवढं केलं असतं तर पुरलं असतं.