झुंबर हितं न्हाय

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. कुणाचा, ते मात्र विचारू नका. माझा गोंधळ तिथूनच सुरू होतो. बारामतीच्या एका दुकानात ज्याच्यासाठी मला घडवलं, तो माणूस मला न्यायला आलाच नाही. कितीतरी दिवस मी काचेच्या कपाटातून रस्त्याकडे बघत होतो. दारात कुणी दिसलं की वाटायचं, आला बुवा माझा मालक! शेवटी दुकानदार कंटाळला आणि त्याने मला निमगाव केतकीच्या आप्पांच्या हातावर ठेवलं.

आप्पा म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. दर रविवारी ते बुद्धविहारात सतरंजी टाकून बसत आणि येईल त्याचा अर्ज भरून देत. कुणाला राष्ट्रीयत्वाचा दाखला हवा असे, कुणाला परदेशी जायला पासपोर्ट. सगळं फुकट, वर चहा आप्पांच्याच घरचा. एकदा मेंढरांमागे फिरणारा बिरदेव आला. आप्पांनी विचारलं, "कायमचा पत्ता?" तो म्हणाला, "मेंढरं असतील तितं." आप्पांनी तो रकाना कोराच ठेवला आणि त्याला आधी चहा दिला.

मी सतरंजीवर सुतळी बांधून ठेवलेला असे. ज्याला अक्षर दिसेना त्याने मला नाकावर चढवावं. किती नाकं झाली, देव जाणे. पण माझी नजर अर्धवट. वीतभर अंतरावरचं मला लख्ख दिसतं, त्यापलीकडचा माणूस मात्र सगळा धुरकट. त्यामुळे कागदावर असेल तेच खरं, असं मी धरून चाललो होतो. तिथेच फसलो.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. एका रविवारी ज्ञानदेवाची बायको ताईबाई लगबगीने विहारात आली. तिची लेक अंजली मस्कतला नर्स होती. पहिलटकरीण, आणि जवळ बाईमाणूस कुणी नाही. गावातल्या एसटीडी बूथवर फोन करून पोरगी रडली होती, "आई, तू येशील ना गं?" ताईबाई "येते की!" म्हणून मोकळी झाली. मस्कत कुठल्या दिशेला आहे हे तिला ठाऊक नव्हतं आणि पासपोर्ट म्हणजे काय हेही.

आप्पा म्हणाले, "जन्माचा पुरावा लागंल."

तिने सांगवीच्या शाळेचा दाखला पुढे केला. सांगवी तिचं माहेर. दाखल्यावर नाव होतं, झुंबर महिपती.

"माहेरचं नाव झुंबर व्हय?"

"व्हय."

आप्पांनी अर्जावर झुंबर लिहिलं, नवऱ्याच्या रकान्यात ज्ञानदेव लिहिलं आणि पुढचा प्रश्न वाचला, "नाव कधी बदललंय का?"

"न्हाय बा!" ताईबाई म्हणाली. "आमी धर्म बदलला, नाव कशाला बदलू?"

सगळे हसले. आप्पाही हसले आणि त्यांनी 'नाही' लिहिलं. लग्नात सासरच्यांनी नवं नाव ठेवलं, तर त्यालाच नाव बदलणं म्हणतात, हे त्या सतरंजीवर एकाच्याही डोक्यात आलं नाही. अहो, आप्पांच्या स्वतःच्या बायकोचं नाव लग्नात पालटलेलं होतं! आणि माझं म्हणाल तर मी झुंबर हे नाव वाचलं आणि ही दुसरी बाई कधी येते म्हणून दाराकडे डोळे लावून बसलो.

पुढे एका रविवारी ताईबाई आली ती रडतच. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस ठाण्यातला जमादार गावात आला होता. तिच्या शेजारणीला, कुशाबाईला, त्याने विचारलं, "ज्ञानदेवाची बायको झुंबर कुठं राहती?" कुशाबाई म्हणाली, "त्याची बायको ताईबाई. ही झुंबर कोण, आन् कवा केली त्यानं?" झालं! ज्ञानदेवाने गुपचूप दुसरी बायको केली, असं गल्लीभर झालं. तो बिचारा उसाला पाणी देत होता.

"आन् मग जमादार माझ्या दारात आला," ताईबाई सांगू लागली. "मी पीठ मळत हुते. म्हनला, झुंबर हितं हाय का? आन् आप्पा, माझ्या तोंडातनं गेलं, झुंबर हितं न्हाय. ती सांगवीची."

"आवं, पर झुंबर तुमीच की!"

"व्हय वो! पर तवा ध्येनातच आलं न्हाय. हितं आल्यापास्नं त्या नावानं कुणी हाकच मारली न्हाय मला." तिने डोळ्याला पदर लावला. "आता माझी पोर तितं एकटीच बाळंत व्हायाची का?"

जमादाराने 'आढळली नाही' असं लिहिलं होतं. त्याची तरी काय चूक? खुद्द तिनेच सांगितलं होतं. मी मात्र पार चक्रावलो. जी बाई माझ्यासमोर बसून रडत होती, ती कागदाप्रमाणे गावातच नव्हती. मग रडत होतं कोण?

आप्पांनी कपाळावर हात मारला आणि अर्ज नव्याने भरला. 'झुंबर उर्फ ताईबाई' असं लिहून वर प्रतिज्ञापत्र जोडलं. मग मला सुतळीतून सोडवून तिच्या हातात दिलं. "हा घिऊन जावा. झुंबर अशी सही गिरवा. आन् जमादार परत येईल, तवर ह्या नावाला ओ द्यायची सवय लावा."

असा मी पहिल्यांदा कुणाच्या घरी राहायला गेलो. ताईबाई रोज मला नाकावर चढवून पाटीवर झुंबर गिरवायची. पण ओ कशी देणार? हाक मारायला कुणीतरी हवं! ते काम आलं ज्ञानदेवावर, आणि त्याने जन्मात बायकोला नावाने हाक मारलेली नव्हती. 'अगं ए', नाहीतर 'अंजलीची आई'. पहिल्या दिवशी तो दारात उभा राहून खाकरला आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "झुं... झुंबर!"

ताईबाई भाकरी थापतच राहिली.

"अगं, तुला हाक मारतुय!"

"मला व्हय? मला वाटलं भाईर कुणी आलं."

चार-आठ दिवस असंच चाललं. मग एकदा तो शेतातून दमून आला आणि लाजायचं विसरून सहज म्हणाला, "झुंबर, पाणी दे गं." तिच्या तोंडून पटकन "ओ" गेली. आणि ती तांब्या हातात धरून तशीच खाली बसली. "माझा बा अशीच हाक मारायचा," ती म्हणाली. ज्ञानदेवाने स्वतः उठून पाणी घेतलं आणि तिलाही दिलं. मला फार भरून आलं, मित्रांनो. का, ते तेव्हा नीट कळलं नाही.

जमादार पुन्हा आला तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. कुशाबाई तर सगळ्यांच्या पुढे. "ही बगा झुंबर!"

"मागं तर ही ताईबाई हुती," जमादार म्हणाला.

"ती बी हीच!"

"मग झुंबर?"

"ती बी हीच!"

जमादाराने टोपी काढून डोकं खाजवलं. "सगळ्यांनी गप बसा. बाई, तुमचं तुमीच सांगा."

ताईबाईने मला नाकावर नीट बसवलं. तिचा श्वास माझ्या काचेवर येत होता.

"मी झुंबर," ती म्हणाली. "सांगवीच्या महिपतीची लेक. ताईबाई बी मीच हाय, पर ती नंतरची."

पासपोर्ट आला, व्हिसा आला आणि अंजलीचे दिवस भरत आले असताना ताईबाई निघाली. घाईत मी तिच्या नाकावरच राहिलो! इकडे आप्पा रविवारी सतरंजीवर बसून माझी वाट बघत होते म्हणे. तिकडे मस्कतच्या विमानतळावर खिडकीतल्या साहेबाने कागद बघून विचारलं, "जुंबार?" ताईबाईने अशी खणखणीत ओ दिली की अख्खी रांग वळून बघायला लागली.

आठवड्याने अंजलीला मुलगी झाली. ताईबाईने तिला न्हाऊमाखू घालून अगदी तोंडाजवळ धरलं, वीतभर अंतरावर. जन्मभर कागद बघितलेल्या मला पहिल्यांदाच माणसाचा चेहरा लख्ख दिसला. त्यावर नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि मला काही अडलं नाही.

ताईबाई गावी परतली तेव्हा मीही विहारात परत आलो. आता आप्पा नाहीत. विहारातल्या पत्र्याच्या पेटीत मी पडून असतो. एक काडी मोडली आहे, काचेला चरे पडले आहेत. मला पुसा, जपा असं मी म्हणणार नाही; माझं झालं आता. पण मित्रांनो, एवढं करा. घरी आई असेल, आजी असेल, तिचं आधीचं नाव विचारून घ्या आणि एकदा त्या नावाने तिला हाक मारा. ती लगेच ओ देणार नाही. बाहेर कुणी आलं, असंच तिला वाटेल. जरा थांबा आणि पुन्हा हाक मारा.