घाटात तुटलेली शीळ

मित्रांनो, मी एक जुनं चाक आहे. साधंसुधं नव्हे हं, अलॉयचं! दहा आऱ्यांचं, सतरा इंची, बैठ्या बांध्याच्या स्पोर्ट सेडानला शोभेल असं. आता कराडजवळच्या एका गावात, जास्वंदीच्या झाडाला टेकून बसलोय. टायर ढिला पडलाय, रंगाचे पोपडे निघालेत आणि कोंबड्या माझ्या आऱ्यांतून ये-जा करतात. माझं काही म्हणणं नाही. पण एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. माझ्या अंगात एक मेलेला माणूस शीळ घालत होता. घाबरू नका, मी जरा घाबरलो होतो तेवढं पुरे.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेलं अॅल्युमिनियम साच्यात ओतलं, थंड केलं, घासूनपुसून आम्हा चौघा भावांना चंदेरी रंग दिला. शोरूमच्या भिंतीवर आम्हाला टांगलं होतं. तिथे येणारा प्रत्येक जण आधी आमच्याकडेच बघायचा, गाडीकडे नंतर. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं!

माझा पहिला मालक ऋषिराज. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांना कॅमेरे बसवून द्यायचा, त्यामुळे घाट त्याचा रोजचाच. त्यानं निळी सेडान घेतली. शोरूमवाला म्हणाला, "साधी पंधरा इंची चाकं घ्या, टायर जाड असतो, खड्डे कळत नाहीत." ऋषिराज हसला. "गाडी वळणाला कशी चिकटली पायजे गड्या," म्हणाला आणि माझ्यावर हात ठेवला. पहिल्याच दिवशी आम्ही पसरणीचा घाट चढलो. काय सांगू, एकेक वळण आम्ही असं घेतलं की गाडीचं अंग जराही झुकलं नाही. ऋषिराजनं आनंदानं लांब शीळ घातली.

ती शीळ मग रोजचीच झाली. संध्याकाळी गावात शिरताना, गल्लीच्या कोपऱ्यावर तो काच खाली करायचा आणि शीळ घालायचा. घरात त्याची आई, राहीबाई, ती ऐकून तवा चुलीवर ठेवायची. गाडी दारात लागेपर्यंत पहिली भाकरी तव्यावर पडलेली असायची. मायलेकांचा हा ठरलेला इशारा होता. फोन असतात हो सगळ्यांकडे, पण राहीबाईचा विश्वास शिळेवर.

एका पावसाळी दुपारी आम्ही महाबळेश्वरहून उतरत होतो. तिथला पाऊस तुम्हाला माहीत आहे, पुढचं बोनेटसुद्धा दिसत नाही. ऋषिराज गाडी हळू चालवत होता, हे मी शपथेवर सांगतो. धुक्यात स्वतःला धीर द्यावा तशी बारीक शीळ घालत होता. रस्त्यावर पाणी साचलेलं. पाण्याखाली खड्डा होता. पुढचं डावं चाक मी. पातळ टायर दबला, खड्ड्याची धार थेट माझ्या कडेवर बसली आणि मी तडकलो. हवा एका दमात गेली. गाडी डावीकडे ओढली गेली, कठडा आला, आणि शीळ मधेच तुटली.

त्यापुढचं मी सांगणार नाही. लहान मुलं ऐकतायत.

भंगारातून आम्ही चौघे भाऊ सांगलीला तात्याबाच्या दुकानात आलो. तात्याबा जुनी चाकं नवी करून विकायचा. माझी भेग त्यानं वेल्डिंगनं भरली, घासली, वर लांबी म्हणजे पुट्टी चोपडली आणि चौघांना काळाकुळकुळीत रंग मारला. आरशात पाहिलं तर मलाच मी ओळखू येईना. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ना, तशातली गत. त्यानं टायर चढवून हवा भरली, तेव्हा मला पहिल्यांदा ती ऐकू आली. अगदी बारीक. माझ्याच आतून. ऋषिराजची शीळ!

भेगेतून हवा निसटत होती, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण नुसत्या हवेला चाल कुठून येते हो?

थोड्याच दिवसांनी इस्लामपूरचा राजवर्धन दुकानात आला. त्याचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान. त्यानं जुनी पण झकास पांढरी सेडान घेतली होती, फक्त चाकं साधी होती. "गाडी वाघासारखी आणि पायात स्लिपर," असं तोच म्हणाला. बरोबर बायको संयोगिता आणि मुलगी शिवांजली. त्यानं आधी चंदेरी चाकं पाहिली, मग कडा चकाकणारी पाहिली, आणि शेवटी आमच्यापाशी येऊन थबकला.

"हीच! काळी चाकं, पांढरी गाडी. लय भारी दिसंल."

संयोगिता म्हणाली, "आवं, रस्ते कसले हायत ते बघा आधी, मग चाकं बघा. आहेत ती काय वाईट हायत?"

"अगं, स्पोर्ट गाडी हाय ती."

"गाडी स्पोर्ट असंल, बसणारी माणसं हायत न्हवं?"

बाई शहाणी होती. पण हौसेला मोल नसतं. आम्ही गाडीला चढलो. मला पुढे डावीकडेच लावलं, पुन्हा त्याच जागी. माझ्या बरोबर वर, आईच्या मांडीवर शिवांजली बसली. माझ्या अंगावर काटा आला असता, पण चाकाला काटा कुठून येणार?

पहिल्या फेरीला राजवर्धन खूश होता. स्टिअरिंग कसं हलकं, वळणावर पकड कशी घट्ट, हे सगळ्यांना ऐकवत होता. मागे बसलेली त्याची आई, भामाबाई, दर खड्ड्याला "आई गं" म्हणत होती. "गाडी हाय का रोलर रं? कंबर मोडली की माझी!" सगळे हसले. मीही हसलो असतो, पण हायवेला वेग वाढला तशी माझ्यातली ती शीळ चढत गेली.

"पप्पा, गाडी शीळ वाजवतीय," शिवांजली म्हणाली.

"वारा हाय बाळा."

मग स्टिअरिंग थरथरायला लागलं. थरथर माझीच होती. भेग पुन्हा उघडतेय, मला उतरवा, एवढंच मी ओरडून सांगत होतो. राजवर्धननं बॅलन्सिंग करून घेतलं. थरथर जरा कमी झाली आणि सगळ्यांना वाटलं, दुखणं गेलं. हवा मात्र रोज कमी व्हायची. पंक्चरवाल्यानं टायरला साबणाचं पाणी लावून पाहिलं. टायर धडधाकट. माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही, कारण मी दिसायला झकास होतो ना!

अखेर भामाबाईनं निदान केलं. "नजर लागली गाडीला. एवढी देखणी चाकं लावल्यावर लागणारच."

झालं! बंपरला लिंबू-मिरची आली, काळी बाहुली लटकली, बोनेटवरून मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या. माझं हाड मोडलंय आणि हे दृष्ट काढतायत! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मला राग येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. कारण दसऱ्याला सगळे पाचगणीला जाणार होते. शिवांजलीनं स्ट्रॉबेरीचं आइस्क्रीम खायचं ठरवलं होतं. पसरणीचा घाट, पुढचं डावं चाक, आणि माझ्या वर ती पोर. त्या दिवसांत शीळ थांबायची नाही, गाडी दारात उभी असली तरी. ऋषिराज मला काहीतरी बजावत होता. मी त्याला म्हणायचो, अरे, मला तोंड नाही रे, मी काय करू?

खंडेनवमीला आमची पूजा झाली. गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. भामाबाईनं हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि चारही चाकांना मळवट भरावा तसं भरभरून लावलं. "सांभाळून ने गं बाई," असं तिनं गाडीला सांगितलं. टायरखाली लिंबं ठेवली. राजवर्धननं ती चिरडली, नारळ फोडला. कुंकवाचं पाणी माझ्या अंगावरून ओघळलं आणि गार लागलं. गार लागलं ते अगदी आतपर्यंत.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी राजवर्धन फडकं घेऊन बसला. काळ्या चाकांवर डाग त्याला खपत नसत. बाकीचे तिघे भाऊ पुसले की चकचकीत झाले. माझ्यावर मात्र एक लाल रेघ राहिली, आऱ्याच्या मुळापासून कडेपर्यंत, केसाएवढी बारीक. त्यानं पुसली, ती गेली नाही. पाणी घातलं, शाम्पू घातला, जुन्या ब्रशनं घासली. रेघ उलट उठून दिसायला लागली.

"आवं, चला की! ऊन व्हायला लागलं," संयोगिता गाडीत बसून म्हणाली.

"थांब गं. एवढा डाग काढतो."

शेवटी त्यानं नखानं खरवडलं. नख अडकलं. त्यानं पुन्हा नख फिरवलं, पुन्हा अडकलं. तो कान जवळ आणून बसला आणि माझ्यातली बारीक शीळ त्यानं ऐकली. डाग नव्हता तो, कुंकू शिरलेली भेग होती.

"उतरा," तो म्हणाला. "सगळी उतरा खाली. आधी पोरीला घे."

ती पाचगणी राहिली. शिवांजली खूप रडली आणि मला तिचं रडणं इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

राजवर्धननं गाडीला जुनी साधी चाकं लावली आणि मला सांगलीला नेऊन तात्याबापुढे टाकलं. तात्याबानं वरवर पाहिलं. "दे हिकडं, परत भरून देतो. कुणाला कळत सुदीक न्हाई."

"आधी कुणाच्या गाडीचं होतं?"

तात्याबानं मान खाली घातली. "कराडकडच्या पोराचं. ऋषिराज का काय ते. घाटात गेलं बिचारं."

राजवर्धननं मला परत डिकीत टाकलं. घरी आल्यावर त्याला काही सुचेना. ठेववत नाही आणि विकवतही नाही. तेव्हा भामाबाई म्हणाली, "गेलेल्याची वस्तू हाय ती, राजा. ज्येची त्येच्या दारात पोचवायची असती. आईच्या हातात दे त्याच्या." नजरेचं निदान चुकलं असेल म्हातारीचं, पण हे चुकलं नाही.

पत्ता विचारत विचारत राजवर्धन, संयोगिता आणि शिवांजली राहीबाईच्या गल्लीत आले तेव्हा दिवस कलला होता. तो कोपरा मी डिकीतूनही ओळखला. राजवर्धननं मला उचलून अंगणात आणलं. मी जड, तो घाबरलेला. फरशीच्या कडेवर मी त्याच्या हातून निसटलो. भेग उघडली आणि उरलेली सगळी हवा बाहेर पडायला लागली.

शीळ! मोठी, लांब, त्याच चालीची.

आत चुलीवर तवा वाजला. आणि राहीबाईचा आवाज आला, "आला व्हय रं? हातपाय धू, भाकरी टाकतीया."

पिठाच्या हातांनी राहीबाई दारात आली. तिनं आधी फाटकाकडे पाहिलं. मग अनोळखी माणसांकडे. मग माझ्याकडे. राजवर्धननं अडखळत सगळं सांगितलं. मी तोवर वाजतच होतो. ती खाली बसली आणि तिनं लाल रेघेवर हात ठेवला.

"ह्या चाकावर कोण बसायचं तुमच्या गाडीत?"

"ही पोरगी."

राहीबाईनं शिवांजलीला जवळ ओढलं आणि खूप वेळ सोडलं नाही. दोघींच्या अंगाला पीठ लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "बसा. तवा तापलाय, रिकामा उतरवायचा न्हाई." तव्यावरची पहिली भाकरी तिनं शिवांजलीच्या ताटात वाढली.

तर मित्रांनो, चाकं मोठी घ्या, छोटी घ्या, काळी घ्या, चंदेरी घ्या, हौस तुमची. पण थरथरणारी वस्तू काहीतरी सांगत असते. तिची दृष्ट काढायची तर काढा, पण आधी तिच्यावरून बोट फिरवून बघा. आणि मोडकं हाड रंगवून दुसऱ्याच्या लेकराखाली देऊ नका.

माझ्यात आता हवा नाही, शीळही नाही. त्या संध्याकाळी ती शेवटपर्यंत वाजली. या खेपेला मधे तुटली नाही, घरी पोचली.