‘नाही’ म्हणणारी फळी

मी एक मोडकी फळी बोलतेय. सामोआच्या दक्षिण किनाऱ्यावर इओसुआ आणि पुआलेले हे नवरा-बायको पाहुण्यांना खोल्या देतात, त्यांच्या अंगणातल्या माडाला मला ठोकलंय. म्हणजे अर्धीच. उरलेली अर्धी समुद्रात गेली.

पूर्वी मी सर्फिंगची फळी होते, लाटांवर धावायचे. ज्या पाहुण्याबरोबर इथे आले, त्याने ऐन ओहोटीला विचारलं, "प्रवाळावर पाणी पुरेल ना?" इओसुआ हसून म्हणाला, "हो, पुरेल की!" पाणी गुडघाभरही नव्हतं. माझे दोन तुकडे झाले आणि त्याची पाठ सोलून निघाली.

पुआलेले नवऱ्यावर उखडली. "नाही म्हणताना जीभ झडते का तुमची?"

"दारी आलेल्याला नाही म्हणू? तूच म्हणून दाखव की!"

तिलाही जमेना. मग तिने रंगाचा डबा आणला आणि दोघांना जे बोलवत नव्हतं, ते माझ्या पाठीवर लिहून टाकलं. ओहोटीला लाटांवर जाऊ नका. प्रवाळावर अनवाणी उतरू नका. कापलंच तर लगेच घासून धुवा. रविवारी समुद्र बंद, प्रार्थना असते. संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला की असाल तिथे बसून राहा.

तेव्हापासून गोड बोलणं त्यांचं आणि वाईटपणा माझा. पाहुणे फोटो काढतात ते इओसुआच्या खांद्यावर हात टाकून. मला वाचून तोंडं वाकडी करतात. रविवारी नारळाच्या दुधातलं अळू खात सगळे आत हसत असतात, तेव्हा मला फार एकटं वाटतं.

गेल्या महिन्यात ब्रोनी नावाच्या पाहुणीने माझ्यावर ओला टॉवेल वाळत घातला. "काका, आता जाऊ?"

ओहोटी लागली होती, लाटा मोठ्या होत्या. माझ्याकडे बोट दाखवायला इओसुआने हात उचलला, टॉवेल पाहिला आणि हात खाली घेतला. पाहुणीची वस्तू ओढून कशी काढायची? "जा की, पोरी," म्हणाला, आणि काळजीने तिच्यामागे गुपचूप होडी काढली.

ती खरचटून परत आली. तो आला नाही. प्रवाळावर उलटी पडलेली होडी तेवढी सापडली.

ब्रोनी पुआलेलेच्या पायाशी बसून रडत होती. "माझ्यामुळेच झालं ना?"

पुआलेलेने तिच्या केसांवरून हात फिरवला. "नाही गं, बाळ."

पाहुण्याला तोंडाने सांगितलेलं या घरातलं ते पहिलं 'नाही', आणि तेही खोटं.

इथे आलात तर या माणसांना 'जाऊ का' असं विचारू नका. ती हो म्हणतील. आधी मला वाचा.